पावसात ओम्नी पकडेना? जुन्या कार्बोरेटरवाल्या मारुतीची तपासणी, पहिल्या सेल्फपासून शेवटपर्यंत

मृग लागला की बेळगाव जिल्ह्यात खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यातल्या जुन्या ओम्नी आणि मारुती ८०० ठरल्यासारख्या हटून बसतात. रात्रभर संततधार, पहाटे दाट धुकं, आणि सकाळी चावी फिरवली की सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) जोरात फिरतो पण इंजिन काही पकडत नाही, म्हणजे सुरू होत नाही. मग बहुतेक जण एकच गोष्ट करतात, पुन्हा सेल्फ मारतात. ॲक्सिलरेटर दाबत-सोडत मारतात, चोक (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देणारा खटका) ओढून मारतात. थोड्याच वेळात ठिणगी पाडणारे प्लग पेट्रोलने भिजतात, बॅटरी बसते, आणि मूळचा किरकोळ दोष आहे तिथेच राहतो. मिस्त्री आल्यावर त्याचा पहिला प्रश्न हाच असतो, "मामा, किती वेळा सेल्फ मारलासा?"

म्हणून एक नियम करा. तीन वेळा, प्रत्येकी पाच-सात सेकंद सेल्फ मारून गाडी पकडली नाही, तर चौथ्यांदा चावीला हात लावण्याआधी खाली उतरा. पुढची सगळी तपासणी दहा नंबरचा पाना, प्लग पाना, स्क्रू ड्रायव्हर, कोरडं सुती फडकं आणि साधा मल्टिमीटर एवढ्यावर होते.

हा लेख कार्बोरेटरवाल्या (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) गाड्यांसाठी आहे. १९८४ साली मारुती व्हॅन म्हणून आलेली ओम्नी आणि तिच्याआधी १९८३ मध्ये आलेली ८००, दोघींचं इंजिन एकच, ७९६ सीसी, तीन सिलिंडरचं. २००० च्या आसपास त्यांना एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पेट्रोल फवारणारी यंत्रणा) आलं, त्या गाड्यांची तपासणी वेगळी. पण केए-२२, केए-२३ आणि पलीकडच्या एमएच-०९ पासिंगच्या कितीतरी जुन्या कार्बोरेटरवाल्या गाड्या अजून दूध, भाजी आणि माणसं घेऊन सीमेच्या दोन्ही बाजूंना पळतात. पंधरा वर्षं उलटली की दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशन नवं करायचं, पासिंगचा खर्च सोसायचा, एवढं करून लोक त्या सांभाळतात. कारण ही इंजिनं सरळ आहेत. नीट पाहिलं तर दोष सापडतोच.

आधी आवाज ऐका

चावी फिरवल्यावर काय ऐकू येतं, त्यावरून अर्धी वाट ठरते.

काहीच आवाज नाही आणि डॅशबोर्डचे दिवेही लागत नाहीत, तर बॅटरीचं टर्मिनल सैल आहे किंवा मेन फ्यूज उडाला आहे. दिवे लागतात पण सेल्फ मारताच मंद होऊन विझतात, किंवा टर्रर्र असा भराभर टकटकाट येतो, तर बॅटरी उतरली आहे नाहीतर टर्मिनलवर गंज आहे. मीटर लावा. पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ ला ती अर्धी उतरलेली असते, आणि १२ च्या खाली गेली तर चार्जिंगला लावल्याशिवाय पुढे जाऊ नका. सेल्फ फिरत असताना मीटर साडेनऊच्या खाली घसरला तर बॅटरीत दम नाही. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह सोडवा, गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, कोरडं करा, आवळून बसवा आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरवा.

दिवे झगझगीत आहेत, पण चावी फिरवल्यावर एकच "टक" आणि पुढे शांतता. अशा वेळी सेल्फवर संशय जातो आणि लोक तो काढून रिपेअरला देतात. त्याआधी अर्थिंग, म्हणजे विजेची बॅटरीकडे परतीची वाट, पाहा. इंजिन ते बॉडी जोडणारी अर्थची पट्टी आपल्याकडच्या चिखलात गंजून जाते. जंप केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या मोकळ्या लोखंडाला लावून सेल्फ मारून बघा. जोरात फिरला तर सेल्फ चांगला आहे, पट्टी बदला.

आता सगळ्यात जास्त वेळा घडणारा प्रकार, सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही. इथे आधी ठिणगी बघायची, मग पेट्रोल. हा क्रम पावसाळ्यात मोडू नका. बरेच जण उलट करतात, आधी कार्बोरेटर खोलून बसतात आणि चांगल्या कार्बोरेटरचं गास्केट फाडून ठेवतात.

ठिणगी

ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली, आणि खालून बरंचसं उघडं. पाण्याने भरल्या रस्त्यातून गेलं की चाकाने उडवलेलं पाणी आत पोचतं. शिवाय घाटमाथ्यावरची दमट हवा थंड लोखंडावर रात्रभर दव धरते. दोन्हींचा मार बसतो तो डिस्ट्रीब्युटर (प्लगांना पाळीपाळीने वीज वाटणारा भाग), कॉइल (बॅटरीच्या विजेचा दाब वाढवणारी) आणि एचटी वायरींवर (प्लगपर्यंत वीज नेणाऱ्या जाड वायरी). कॉइलमधून हजारो व्होल्ट येतात, आणि त्यांना प्लगपर्यंत जाण्यापेक्षा ओल्या प्लास्टिकवरून बाहेरच्या बाहेर अर्थ होणं सोपं पडतं. ठिणगी तयार होते, पण सिलिंडरमध्ये पोचत नाही.

तपासणी अशी. एका सिलिंडरची एचटी वायर काढा, प्लग खोला, तो परत वायरच्या टोपीत बसवा आणि प्लगचा धातूचा भाग इंजिनच्या मोकळ्या लोखंडाला घट्ट टेकवा. प्लगच्या भोकापासून लांब धरा, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर पडते. प्लग हाताने धरू नका, रबरी मुठीची पक्कड वापरा. दुसऱ्या माणसाला दोन सेकंद सेल्फ मारायला सांगा. निळी, जाड, चटचट आवाज करणारी ठिणगी दिसली तर विजेचा भाग ठीक. पिवळट, बारीक, मधेच गायब होणारी ठिणगी म्हणजे ओल, खराब वायर किंवा थकलेली कॉइल. इलेक्ट्रॉनिक इग्निशनवाल्या गाडीत एचटी वायर हवेत मोकळी सोडून सेल्फ कधीही मारू नका, इग्नायटर जळतो.

ठिणगी नसेल तर डिस्ट्रीब्युटरची कॅप काढा. वायरी उपटायची गरज नाही. उपटायच्याच असतील तर एकेक काढा किंवा चिकटपट्टी लावून नंबर टाका, कारण या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-२ आहे आणि दोन वायरींची अदलाबदल झाली तर सगळं ठीक असूनही गाडी पकडणार नाही, उलट कार्बोरेटरमधून फटाका वाजेल.

कॅप उलटी करून उजेडाला धरा आणि सावकाश बघा. कणकुंबीकडच्या सकाळी आतली बाजू बऱ्याचदा धुरकट असते, बोट फिरवलं की बोटाला ओल लागते. कडेने पितळेचे तीन ठोकळे, मधोमध स्प्रिंगवर बसलेला छोटा कार्बन. तो कार्बन दाबून बघा, खाली जाऊन वर यायला हवा. ठोकळ्यांवर हिरवट-पांढरी पूड असेल तर ती चाकूच्या पात्याने हलकेच खरवडा. आणि मुख्य म्हणजे केसासारखी बारीक काळी रेघ शोधा, एका ठोकळ्यापासून दुसऱ्यापर्यंत किंवा मधल्या कार्बनपर्यंत गेलेली. कॅप तिरकी केली की ती चमकते, सरळ धरली तर दिसतही नाही. तिथून ठिणगी वारंवार सरपटत गेल्यामुळे प्लास्टिक जळून कोळसा झालेलं असतं, आणि कोळशातून वीज वाहते. फडक्याने कितीही पुसलं तरी ती रेघ जात नाही. पात्याने खरवडून तात्पुरतं घरापर्यंत जाता येतं, पण कॅप बदलावीच लागते. रोटर (कॅपखाली फिरणारा भाग) आणि कॅप जोडीने बदला.

नुसती ओल असेल तर कोरड्या फडक्याने कॅप आतून-बाहेरून, रोटर, कॉइलचं तोंड आणि वायरींच्या टोप्या आतपर्यंत पुसा. डब्ल्यूडी-४० सारखा पाणी हटवणारा स्प्रे असेल तर मारा, पण तो पूर्ण उडून जाऊ द्या, मगच सेल्फ. घरी असाल तर हेअर ड्रायर उत्तम. पेट्रोलचं फडकं फिरवणारे महाभाग पाहण्यात आहेत. ते अजिबात करू नका. ठिणगीच्या जागी पेट्रोलची वाफ म्हणजे सीटखाली आग.

पुसूनही फरक पडला नाही तर अंधार पडल्यावर सीट उचलून, पेट्रोलचा वास नाही याची खात्री करून, दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा आणि फक्त बघत राहा. तडकलेल्या एचटी वायरीवरून निळसर किरणं बाहेर उडताना दिसतात. दिवसा हा दोष डोळ्याला सापडत नाही. मीटर असेल तर तिन्ही वायरींचा रेझिस्टन्स मोजा. लांबीप्रमाणे थोडा फरक असतो, पण एखादी बाकीच्या दोघींच्या मानाने फारच जास्त दाखवत असेल तर ती गेली.

सगळं कोरडं आहे आणि ठिणगी अजिबातच नाही, तर इग्निशन ऑन ठेवून कॉइलच्या पॉझिटिव्ह टोकाला व्होल्ट येतात का ते बघा. येत नसतील तर फ्यूज, इग्निशन स्विच किंवा उंदराने खाल्लेली वायर. सुगीत भात आणि भुईमूग घरात आला की गाडीच्या सीटखाली उंदीर घर करतात, हे खेड्यातल्या प्रत्येक ओम्नीवाल्याला माहीत आहे. व्होल्ट येत असतील तर पॉइंटवाल्या जुन्या मॉडेलात पॉइंट (कॉइलचा प्रवाह जोडणारी-तोडणारी धातूची तोंडं) तपासा. तोंडं काळी पडली असतील तर बारीक पॉलिश पेपरने साफ करून फट ०.४ ते ०.५ मिलीमीटर ठेवा. पॉइंट पुन्हा पुन्हा जळत असतील तर कंडेन्सर बदला, तो स्वस्त आहे.

कॅप काढलेलीच आहे तर एवढ्यात आणखी एक गोष्ट पाहून घ्या. दुसऱ्याला क्षणभर सेल्फ मारायला सांगा आणि रोटर फिरतो का ते बघा. डिस्ट्रीब्युटर कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) चालतो. सेल्फ नेहमीपेक्षा हलका, भराभर फिरतोय आणि रोटर जागचा हलत नाही, तर कॅमशाफ्ट फिरवणारा टायमिंग बेल्ट तुटला आहे. तिथेच थांबा, गाडी टो करून न्या.

पेट्रोल: कमी की जास्त

खोललेला प्लगच पुढचं सांगतो. कोरडा प्लग म्हणजे पेट्रोल पोचत नाही. ओला, वास येणारा प्लग म्हणजे गाडी पेट्रोलने भरली आहे, आणि पावसाळ्यात आधी ओल, मग वारंवार सेल्फ, मग फ्लडिंग अशी साखळीच लागते.

फ्लड झालेली गाडी सोडवायची तर चोक पूर्ण आत ढकला. ॲक्सिलरेटर एकदाच तळापर्यंत दाबा आणि दाबूनच ठेवा. पंप करायचा नाही, कारण प्रत्येक दाबाला कार्बोरेटरचा ॲक्सिलरेटर पंप आणखी पेट्रोल आत फेकतो. तसाच दाबून ठेवून आठ-दहा सेकंद सेल्फ मारा, अर्धा मिनिट सेल्फ आणि बॅटरीला विश्रांती द्या, पुन्हा मारा. फटफट करत पकडायला लागली की पाय सावकाश सैल करा. नाहीच झालं तर तिन्ही प्लग काढून कोरडे करा. गॅसच्या मंद आचेवर प्लग भाजायची आपल्याकडे जुनी रीत आहे, ती चालते, पण गाडीपासून लांब, स्वयंपाकघरात, आणि आधी प्लगवरचं पेट्रोल पुसून, पूर्ण उडून गेल्यावरच. फट ०.७ ते ०.८ मिलीमीटर आहे ना ते बघा आणि बसवा.

प्लग कोरडा असेल तर एअर क्लीनरचं झाकण काढून कार्बोरेटरच्या तोंडात बघा. इंजिन बंद ठेवून हाताने थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी झडप) ओढा. पेट्रोलची बारीक धार उडायला हवी. उडत असेल तर फ्लोट चेंबरमध्ये (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीत) पेट्रोल आहे. ज्या कार्बोरेटरला काचेची खिडकी आहे, तिथे पातळी बाहेरूनच दिसते. धार नसेल तर कार्बोरेटरला येणारा पाइप काढून बाटलीत सोडा, कॉइलचं पॉझिटिव्ह कनेक्शन सोडून ठेवा आणि सेल्फ मारा. इंजिनावर चालणारा डायफ्रामचा पंप ठोक्याठोक्याने पेट्रोल फेकतो. येत नसेल तर टाकीचं झाकण उघडून पुन्हा बघा. झाकण उघडताना फुस्स आवाज आला आणि मग पेट्रोल यायला लागलं, तर झाकणाचं हवेचं छिद्र चिखलाने बुजलं आहे. त्यानंतर फिल्टर, मग वयाने तडकलेले रबरी पाइप, आणि शेवटी पंपाचा डायफ्राम. चावी ऑन केल्यावर कार्बोरेटरजवळ "टिक" येत नसेल, तर सोलेनॉइड (विजेने उघडणारा पेट्रोलचा व्हॉल्व्ह) असलेल्या मॉडेलात त्याची वायर तपासा. तो उघडला नाही तर इंजिन पकडतं आणि ॲक्सिलरेटर सोडताच मरतं.

एलपीजी किटवाल्या ओम्नीत टाकीतलं पेट्रोल महिनोन् महिने पडून राहतं आणि त्याचा जोर उडून जातो. पेट्रोलवर पकडत नाही म्हणून गॅसवर सेल्फ मारत बसण्यापेक्षा चार लिटर ताजं पेट्रोल टाकून बघा. गाडीत गॅसचा वास असेल तर मात्र चावी, लाइट, हॉर्न कशालाही हात न लावता दारं उघडा आणि सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा. घरगुती सिलिंडर गाडीत लावणं तर माणसांच्या जिवाशी खेळणं आहे, शाळेची मुलं नेणाऱ्या गाडीत ते दिसलं तर तोंडावर सांगा.

टाकीतलं पाणी

हा दोष अलीकडे वाढला आहे आणि निपाणी-चिकोडीकडच्या कोरड्या भागातही सापडतो. आता पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं, कारखान्यांच्या डिस्टिलरीतून गेलेलं. ऊसवाल्यांसाठी ते चांगलंच आहे. पण इथेनॉल पाणी ओढतं. पेट्रोलच्या तोंडातून पावसाचं पाणी गेलं, किंवा अर्धी रिकामी टाकी दमट हवेत महिनाभर उभी राहिली, तर ठरावीक मर्यादेपलीकडे इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. पंप तळातूनच ओढतो, त्यामुळे कार्बोरेटरमध्ये नेमकं तेच मिश्रण जातं. ठिणगी निळी, पेट्रोल येतंय, तरी गाडी पकडत नाही, असं झालं की हेच पहिलं तपासा.

फिल्टरजवळच्या पाइपमधून पाव लिटर पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत घ्या आणि पंधरा मिनिटं हलवू नका. मधे रेघ दिसली, खाली वेगळा थर दिसला, तर टाकी रिकामी करण्यावाचून इलाज नाही. वरून ताजं पेट्रोल ओतून ते पुन्हा मिसळेल या आशेवर राहू नका. टाकीचा ड्रेन बोल्ट काढून सगळं काढा, फ्लोट चेंबर रिकामं करा, फिल्टर नवा टाका. निघालेलं पेट्रोल शेतात किंवा गटारीत ओतू नका. जुन्या रबरी पाइपांना आणि डायफ्रामला इथेनॉल मानवत नाही, ते फुगतात, मऊ पडतात. बदलायची वेळ आलीच तर इथेनॉल चालणारे पाइप मागून घ्या. बेळगावात उद्यमबागेच्या बाजूच्या दुकानांत विचारलंत तर दुकानदाराला फरक कळतो. आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा.

ठिणगी आहे, पेट्रोल आहे, तरीही

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. गेज असेल तर थ्रॉटल पूर्ण उघडं ठेवून तिन्ही सिलिंडर मोजा, आकड्यापेक्षा तिघांतला फरक बघा. त्याआधी कॉइलचं पॉझिटिव्ह कनेक्शन सोडून ठेवायला विसरू नका. गेज नसेल तर प्लगच्या भोकावर अंगठा घट्ट ठेवून सेल्फ मारायला सांगा. चांगलं सिलिंडर अंगठा उडवून लावतं. एकाच सिलिंडरला जोर नसेल तर व्हॉल्व्ह, शेजारच्या दोघांना नसेल तर हेड गास्केट, तिघांनाही नसेल तर टायमिंग बेल्टचा दात सरकला आहे. ही कामं रस्त्यावरची नाहीत.

ढकलून सुरू करण्याचा उपाय फक्त बॅटरी किंवा सेल्फचा दोष असेल तेव्हाच करा. इग्निशन ऑन, दुसरा गियर, क्लच दाबून वेग धरला की झटकन सोडा. ओल किंवा पेट्रोलचा दोष असताना तवंदी घाटाच्या उतारावर गाडी सोडून बघणं धोक्याचं आहे. इंजिन बंद असताना ब्रेक लागायला कितीतरी जास्त जोर लागतो.

पुराच्या पाण्यात बंद पडली असेल तर

जुलै-ऑगस्टमध्ये कारदगा-भोज, कल्लोळ-यडूर असे सखल बंधारे-पूल वेदगंगा, दूधगंगा, कृष्णेच्या पाण्याखाली जातात. त्यावरून गाडी घालूच नका. पण साचलेल्या पाण्यात गाडी अचानक थांबली, तर वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा आणि सेल्फ एकदाही मारू नका. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल, तर पिस्टन पाण्याला दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाच मिनिटांच्या कामाचं पूर्ण इंजिन ओव्हरहॉल होतं.

गाडी ढकलून कोरड्यावर आणा. बॅटरीचं निगेटिव्ह काढा. एअर क्लीनर उघडा, फिल्टर भिजला असेल तर पाणी आत गेलं आहे असंच धरा. तिन्ही प्लग काढा. डिपस्टिक बघा, तेल दुधाळ, चहासारखं दिसलं तर तेलात पाणी आहे. डिस्ट्रीब्युटर वर सांगितल्याप्रमाणे कोरडा करा. मग कॉइलचं पॉझिटिव्ह सोडून, बॅटरी जोडून, प्लगशिवाय थोडा थोडा सेल्फ मारा, पाणी प्लगच्या भोकांतून बाहेर उडेल. त्यावेळी तोंड वर नेऊ नका. पाणी येणं थांबलं की प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल टाका, पुन्हा दोन सेकंद सेल्फ मारा, कोरडे प्लग बसवा आणि मग सुरू करा. तेल दुधाळ असेल तर सुरू करण्याआधीच तेल आणि ऑइल फिल्टर बदला, आणि शंभरेक किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा बदला. ओम्नीचं गिअरबॉक्स आणि मागचं डिफरन्शिअलही पाण्यात बुडलेलं असतं, त्यांचंही तेल त्याच आठवड्यात काढून बघा.